मे महिन्यातला बर्फ रात्री कसा गोठतो?

मे महिन्यात आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात पारा ४४-४५ वर असतो, तेव्हाच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. हिमाचलातल्या रोहतांग खिंडीच्या बाजूला पोरं पाठीला स्की (बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या) बांधून डोंगर चढतात आणि उरलेल्या बर्फावरून घसरत खाली येतात. अंगात नुसते टी-शर्ट. "एवढ्या उन्हात बर्फ टिकेल का? खोटं आहे," असं बऱ्याच जणांनी ठरवून टाकलं.

खोटं काही नाही. रोहतांग ३,९७८ मीटरवर आहे आणि दर किलोमीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. शिवाय एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. हिवाळाभर साचलेला थर एका उन्हाळी आठवड्यात संपत नाही तो यामुळे.

पण मला भुरळ घालते ती रात्र. बर्फ डोळ्यांना पांढरा दिसतो, अवरक्त किरणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या बाबतीत मात्र तो जवळजवळ काळा असतो. म्हणजे ती किरणं तो भरपूर बाहेर टाकतो. हे उत्सर्जन निरपेक्ष तापमानाच्या (उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या) चौथ्या घाताच्या प्रमाणात असतं. शून्य अंशावरचा बर्फ दर चौरस मीटरला सुमारे ३१५ वॅट टाकतो आणि उंचावरच्या कोरड्या, निरभ्र आकाशाकडून त्याला बरंच कमी परत मिळतं. त्यामुळे हवा दोन-तीन अंशांवर असली तरी बर्फाचा पृष्ठभाग शून्याखाली उतरतो. दिवसा पाझरलेलं पाणी गोठताना त्याच ८० कॅलरी परत सोडतं, म्हणून कडकपणा वरून खाली हळूहळू उतरत जातो. पहाटेपर्यंत माणसाचं वजन पेलणारं कवच तयार होतं.

हरभऱ्याची आंब, म्हणजे पानांवरचं आंबट दव, कापडाने टिपून काढणाऱ्यांना हे ठाऊक आहे. उघड्या वावरात पसरलेलं कापड रात्री असंच गार होऊन दवाने सकाळी चिंब असतं, धुऱ्यावरच्या बाभळीखालचं जवळपास कोरडं. बाभूळ आकाश झाकते आणि स्वतःची उष्णता खाली पाठवते.

चांदण्याने गारवा येतो हा समजही यातूनच आला असावा. गारवा उघड्या आकाशाचा असतो. अमावस्येलाही तो तेवढाच. कोजागिरीच्या चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध घेणाऱ्यांनी इनहेलर मुळीच बंद करू नये.

रोज वितळून रोज गोठल्याने हिमकणांची टोकं झिजतात आणि काही मिलिमीटरचे गोल दाणे बनतात. सकाळच्या उन्हात वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल होतात, खालचं कवच टणक राहतं. स्कीसाठी हीच वेळ उत्तम. पूर्वेचा उतार आधी मऊ होतो, पश्चिमेचा उशिरा. दुपारी पाय गुडघ्यापर्यंत रुततात आणि ओल्या बर्फाचे लोट कोसळण्याचा धोका वाढतो, म्हणून चढाई पहाटेच्या अंधारात सुरू होते. रात्रभर ढग असले तर ते बाभळीसारखेच उष्णता परत पाठवतात, कवच धरत नाही आणि त्या दिवशी जाणकार चढत नाहीत.