स्थावर मालमत्ताविषयक लेखांचे मथळे

घर, जमीन, गाळे यांची खरेदी-विक्री, भाडे, कर्ज आणि कागदपत्रे यांविषयीच्या माहितीपर लेखाला दिलेले शीर्षक. ज्याला त्या माहितीची गरज आहे त्याची नजर थांबवणे आणि लेखात काय मिळेल हे त्याला आधीच सांगणे, ही मथळ्याची दोन कामे. विक्रीच्या जाहिरातीचा मथळा एका ठरावीक घराकडे बोट दाखवतो. लेखाचा मथळा वाचकाच्या मनातला प्रश्न त्याच्याच शब्दांत समोर ठेवतो.

बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यात घर ही सर्वांत मोठी खरेदी असते आणि तिचे हप्ते पुढे कितीतरी वर्षे चालतात. त्यामुळे या विषयाचा वाचक करमणूक म्हणून सहसा येत नाही. तो धास्तावलेला असतो, महिनोन्‌महिने शोधत असतो, एकच शंका चार ठिकाणी वाचून पडताळत असतो. निर्णयही एकट्याचा नसतो. सापडलेला लेख तो घरच्यांना पाठवतो, आणि त्या वेळी पलीकडच्या माणसाला आधी दिसतो तो फक्त मथळा. म्हणून चित्र आणि प्रस्तावना काढून घेतली तरी अर्थ पुरा सांगणारा मथळाच या क्षेत्रात टिकतो.

मथळ्यांचा पद्धतशीर विचार छापील जाहिरातींपासून सुरू झाला. जॉन केपल्स या अमेरिकी जाहिरात-लेखकाने एकाच मालाच्या जाहिराती वेगवेगळ्या मथळ्यांनी छापून कोणत्या मथळ्याला किती उत्तरे आली हे मोजले. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने वाचकाचा स्वतःचा लाभ सांगणाऱ्या मथळ्याला पहिले स्थान दिले, त्याखालोखाल नवी बातमी सांगणाऱ्याला, आणि नुसते कुतूहल चाळवणाऱ्याला बरेच खालचे. डेव्हिड ओगिल्व्ही याने १९६३ साली नोंदवले, की मजकूर वाचणाऱ्यांच्या सरासरी पाचपट लोक मथळा वाचतात. हे निरीक्षण छापील जाहिरातींबद्दलचे आहे. पडद्यावरच्या लेखांना तोच आकडा जसाच्या तसा लावणे बरोबर नाही, पण मथळा वाचून पुढे सरकणारेच जास्त असतात हे इथेही खरे आहे.

कुतूहलाची उकल जॉर्ज लोवेनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने १९९४ साली केली. आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक व्हावेसे वाटते त्यांतली दरी जाणवली की कुतूहल जागे होते, असे त्याचे म्हणणे. दरी जाणवायला अलीकडचा काठ तरी पायाखाली हवा, ही त्यातली मोलाची गोष्ट. ‘घर घेताना हे गुपित कुणीच सांगत नाही’ या मथळ्यात वाचकाला पाय रोवायला जागाच नाही. ‘चटई क्षेत्रफळ आणि विक्रीचे क्षेत्रफळ यांत एवढा फरक का?’ (पहिले म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, दुसरे म्हणजे सामाईक जागेचा वाटा धरून सांगितलेली) हा मथळा मात्र दरपत्रकावर दोन वेगळे आकडे पाहून गोंधळलेल्या माणसाला तिथेच थांबवतो, कारण प्रश्न त्याच्या हातातल्या कागदावरचाच असतो.

शब्दांची निवड

घरांच्या जाहिरातींतील शब्दांचा एक बोलका अभ्यास उपलब्ध आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि स्टीफन डबनर यांनी २००५ साली ‘फ्रीकॉनॉमिक्स’ या पुस्तकात, जाहिरातीतील कोणते शब्द घराला मिळालेल्या जास्त किमतीबरोबर आढळतात आणि कोणते कमी किमतीबरोबर, याची यादी दिली. ‘ग्रॅनाइट’, ‘मेपल’ (लाकडाचा प्रकार) असे शब्द जास्त किमतीच्या बाजूला होते. ‘फँटॅस्टिक’, ‘स्पेशियस’, ‘चार्मिंग’ हे शब्द आणि उद्गारचिन्ह कमी किमतीच्या बाजूला. शब्दामुळे किंमत वाढली असा याचा अर्थ नाही. चांगल्या घरात सांगण्यासारखी वस्तू असते, म्हणून ती नावानिशी सांगितली जाते. जिथे काही सांगण्यासारखे नसते तिथे विशेषण येते.

लेखांच्या मथळ्यांतही हीच खूण पटते. ‘स्वप्नातील घर’, ‘सुवर्णसंधी’, ‘आलिशान’, ‘संपूर्ण मार्गदर्शन’ या शब्दांवरून नजर घसरते, कारण ते कोणत्याही घराला आणि कोणत्याही लेखाला चालतात. ‘ओल’, ‘ताबा’, ‘हप्ता’, ‘अनामत’, ‘वारस’, ‘हद्द’ हे शब्द नजर धरून ठेवतात. भाडेकरूला ‘अनामत’ हा शब्द दिसला की तो थांबणारच. त्याची रक्कम कुणाकडे तरी अडकलेली असते.

सरकारी कागदावरचा शब्द आणि तोंडातला शब्द वेगळे पडतात, हीही इथली रोजची अडचण. दस्तात ‘सदनिका’ असते, लोक ‘फ्लॅट’ म्हणतात आणि शोधतातही तेच. ‘गृहकर्ज’ आणि ‘होम लोन’ यांचेही तसेच. मथळ्यात बोलीतला शब्द घ्यावा आणि दस्तातला शब्द पहिल्या परिच्छेदात समजावून सांगावा, ही वाट वाचकाच्या सोयीची आहे.

एका मथळ्याचे चार खर्डे

समजा, लेख टोकन रक्कम देण्यापूर्वीच्या चौकशीवर आहे. पहिला खर्डा साधारण असा निघतो: ‘घर खरेदीसाठी महत्त्वाच्या टिप्स’. हा मथळा घर पाहणाऱ्याला, कर्ज काढणाऱ्याला आणि ताबा घेणाऱ्याला सारखाच लागू पडतो, म्हणून कुणालाच आपला वाटत नाही. दुसरा: ‘घर घेताना कोणती काळजी घ्यावी?’ प्रश्न आला, पण वेळ ठरली नाही. तिसरा: ‘टोकन देण्याआधी ही काळजी घ्या’. आता व्यवहारातला नेमका क्षण सापडला. उद्या पैसे द्यायचे आहेत तो माणूस इथे थबकेल. तरी ‘ही काळजी’ म्हणजे काय ते झाकलेलेच आहे. चौथा: ‘टोकन देण्याआधी विक्रेत्याला विचारायचे ७ प्रश्न’. यात क्षण आहे, समोरचा माणूस आहे, लेखाचा आवाका आहे आणि वाचल्यावर हातात काय पडेल तेही आहे. एकही विशेषण नाही.

यातला ७ हा आकडा लेखातून आलेला हवा. पाचच प्रश्न कामाचे असतील तर मथळ्यात ५ लिहावे. आकडा गोल करण्यासाठी भरीचे प्रश्न घातले की वाचकाला ते ताबडतोब कळते.

मराठी वाक्यरचना आणि पडदा

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि ‘का’, ‘नको’, ‘नाही’ हे अर्थ फिरवणारे शब्दही बहुधा शेवटीच. शोधयंत्राच्या यादीत आणि फोनच्या पडद्यावर मथळा कापला जातो तोही शेवटीच. ‘जुन्या इमारतीतील फ्लॅट कमी किमतीत मिळत असला तरी घेऊ नका’ हा मथळा मधेच तुटला, तर वाचकापर्यंत उलटा निरोप पोचतो. म्हणून कळीचा शब्द पुढे ओढावा लागतो: ‘घेऊ नये असा जुना फ्लॅट कसा ओळखावा?’ आता शेपूट कापली गेली तरी नकार शाबूत राहतो.

लांबी किती असावी याचे उत्तर बहुतेक वेळा अक्षरसंख्येत दिले जाते. गूगलने मथळ्याच्या लांबीवर मर्यादा घातलेली नाही. दाखवताना तो उपकरणाच्या रुंदीनुसार कापला जातो. शिवाय देवनागरीत मोजणीच फसवी ठरते. ‘क्षेत्रफळ’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो, पण संगणक त्यात व्यंजने, हलन्त आणि मात्रा सुट्या धरून नऊ चिन्हे मोजतो. इंग्रजीसाठी ठरवलेली साठेक अक्षरांची सूचना मराठीला लावली तर चांगला मथळा विनाकारण छाटला जातो. लहान पडद्याच्या फोनवर उघडून पाहणे हीच खात्रीची कसोटी.

अचूकपणा आणि कायदा

मालमत्तेच्या मथळ्यातला प्रत्येक शब्द कुणीतरी पैशांत मोजणार असतो. ‘स्टेशनपासून ५ मिनिटे’ हे पायी की गाडीने, हे न सांगणे ही फसवणुकीची सुरुवात आहे. जपानमधील स्थावर मालमत्ता जाहिरातींच्या संहितेने हा प्रश्न मिटवून टाकला आहे. तिथे ८० मीटर रस्ता म्हणजे १ मिनिट धरतात आणि उरलेल्या अंतरासाठी पुढचे पूर्ण मिनिट लावतात. म्हणजे ४१० मीटर अंतर असेल तर ६ मिनिटे लिहावी लागतात. इतकी साधी, तपासता येणारी व्याख्या सगळीकडे असायला हवी होती.

अमेरिकेतील १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार घराच्या जाहिरातीत वंश, धर्म यांसारख्या आधारांवर पसंती सूचित करता येत नाही. १९८८ मध्ये त्यात अपंगत्व आणि मुलाबाळांसह राहणे या बाबींची भर पडली. तेथील व्यावसायिक म्हणूनच ‘घराचे वर्णन करा, राहणाऱ्यांचे नको’ हा दंडक पाळतात. भारतात २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याला नुकसानभरपाईचा हक्क दिला आहे. विकासकाने आपल्याच प्रकल्पावर लेख लिहवून घेतला असेल, तर मथळ्यातला शब्द जाहिरातीइतक्याच जबाबदारीने वापरला पाहिजे.

भीती घालणारे मथळे हा या क्षेत्रातला सर्वांत वाईट प्रकार. ‘ही एक चूक केली तर घर गमवाल’ असे वाचून माणूस लेख उघडतो खरा, पण त्याची रात्रीची झोप आधीच उडालेली असते. धोका खरा असेल तर त्याचे नाव घ्यावे: ‘वारसांच्या सह्या नसलेले खरेदीखत अडचणीत का येते?’

मथळ्याचे वय

व्याजदर, शुल्क आणि नियम बदलतात, म्हणून मथळ्यात वर्ष घालण्याची पद्धत पडली आहे. वाचकाला त्याचा उपयोग होतो, पण मजकूर तोच ठेवून दर जानेवारीत फक्त वर्ष बदलणे ही थेट लबाडी आहे. जुन्या दराने हिशेब करून बँकेत गेलेल्या माणसाला तिची किंमत मोजावी लागते. ज्या लेखातले आकडे पुन्हा तपासले जाणार नाहीत, त्याच्या मथळ्यात वर्ष घालू नये. ‘हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, हे कसे काढावे?’ अशा मथळ्याला वर्षाची गरजच पडत नाही.