खोड्यातून निसटणारी शेळी : जनावरांच्या उपचारखर्चामागचा इतिहास

गावातल्या बहुतेक पशुवैद्यकीय दवाखान्यांसमोर लोखंडी पाइपांचा एक खोडा असतो. बैल किंवा गाय आत घालायची, मागून आडवा दांडा सरकवायचा, की जनावर जागचं हलत नाही आणि डॉक्टरला बिनधास्त हात घालता येतो. शेळी त्यात उभी केली तर पाइपाखालून सरळ पलीकडे निघून जाते. मग मालकीणच खाली बसते, शेळी गुडघ्यांत दाबते, एका हातानं शिंगं धरते, दुसऱ्यानं जबडा, आणि तपासणी उरकते.

शेळीचा दवाखाना परवडत नाही अशी तक्रार निघाली की बोलणं लगेच डॉक्टरांच्या व्हिजिट फीवर येतं. ती तक्रार खोटी नाही, पण अपुरी आहे. तो खोडा कुणाच्या मापानं बनवला, हे आधी पाहायला हवं.

पशुवैद्यकाचा इतिहास अशोकाच्या शिलालेखापासून सुरू करायची आपल्याकडे पद्धत आहे. गिरनारच्या लेखात माणसांच्या आणि पशूंच्या चिकित्सेचा उल्लेख आहे खरा, पण आजच्या दवाखान्याची वंशावळ तिथपर्यंत पोचत नाही. ती पोचते घोड्यांच्या पागेपर्यंत. जुन्या मराठीत जनावरांच्या वैद्याला ‘सालोतरी’ म्हणत. हा शब्द शालिहोत्रावरून आला, आणि शालिहोत्र म्हणजे अश्वचिकित्सेचा आद्य आचार्य. इंग्रजांनीही सुरुवात तिथूनच केली. 1862 साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली ती रिसाल्याच्या आणि तोफखान्याच्या घोड्यांसाठी. शेतकऱ्याच्या गोठ्याशी तिचा संबंध नव्हता.

घोड्यानंतर नंबर लागला बैलाचा. बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगानं एकोणिसाव्या शतकात गोठेच्या गोठे रिकामे केले. बैल मेला की नांगर थांबला, आणि नांगर थांबला की सरकारचा शेतसारा थांबला. 1868 मध्ये सरकारनं या रोगासाठी आयोग नेमला, त्याचे प्रमुख होते पुण्याच्याच लष्करी शाळेचे हॅलेन. 1889 मध्ये पुण्यातच जिवाणुशास्त्राची शाही प्रयोगशाळा सुरू झाली आणि 1893 मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचं मूळ ते हेच. मुंबईत दिनशॉ माणकजी पेटिट यांच्या दानातून परळला बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि 1886 मध्ये त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. तिथं दारात येणारी जनावरं म्हणजे मुख्यतः मुंबईचे गाडीबैल आणि घोडे.

या सगळ्यात शेळी कुठे होती? प्रयोगशाळेत होती. 1920च्या दशकात मुक्तेश्वरला एडवर्ड्स या संशोधकानं बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा नेत नेत गाईबैलांसाठी सौम्य केला. त्यातून जी लस तयार झाली तिनं पुढची कित्येक वर्षं देशातली गुरं वाचवली. 1954 मध्ये बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 1995 नंतर भारतात तिचा रुग्ण आढळला नाही आणि 2011 मध्ये जगातून ती संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं मुळासकट उखडलेला हा दुसराच रोग. त्या यशात शेळीचा वाटा मोठा आहे, पण तो कुणी फारसा सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतर दवाखाने वाढले. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि गावपातळीवरचे बरेचसे दवाखाने त्यांच्याकडे गेले. श्रेणी एकमध्ये पदवीधर डॉक्टर, श्रेणी दोनमध्ये पशुधन पर्यवेक्षक, ज्याला जुनी माणसं अजून ‘स्टॉकमन’ म्हणतात. उपचार फुकट किंवा नाममात्र शुल्कात. कागदावर ही सोय सगळ्याच जनावरांना होती, आजही आहे. पण दरम्यान व्यवस्थेचं लक्ष बैलावरून दुधाकडे वळलं होतं. 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ ही संस्था सुरू केली आणि कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारात नेली. 1970 मध्ये ‘दुधाचा महापूर’ (ऑपरेशन फ्लड) ही योजना सुरू झाली. दूध संघांनी स्वतःचे डॉक्टर ठेवले, आणि उपचाराचा खर्च दुधाच्या बिलातून कापून घ्यायची सोय झाली. ही सोय फार मोठी होती. खिशात रोकड नसली तरी गाईचा ताप उतरवता येत होता, कारण दर दहा दिवसांनी दुधाचं बिल यायचं. दवाखान्याचा खर्च कुठून निघणार याचं उत्तर गाईजवळ होतं.

शेळीजवळ ते नव्हतं. तिचं दूध घरातल्या चहाला आणि लेकरांना. तिचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो, बोकड विकल्यावर, आणि तो बियाणाला, शाळेच्या गणवेशाला किंवा लग्नातल्या आहेराला आधीच नेमलेला असतो. तिच्यामागे संघ नाही, बिल नाही, उधारीवर येणारा डॉक्टर नाही. माझ्या आजीकडे चार शेळ्या होत्या. पोट फुगलं की ती बांबूच्या नळकांड्यातून गोडेतेल पाजायची आणि डावी कूस चोळत बसायची. उतरलं तर उतरलं. ढोरांचा दवाखाना तीन मैलांवर होता, पण शेळी तिकडे न्यायची गोष्ट तिच्या डोक्यात कधी आली नसावी. बैल मात्र तिथंच नेत.

आता सरकारी गणित. 1976 मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगानं शिफारस केली की 2000 सालापर्यंत दर 5,000 पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा. पशुघटक म्हणजे एका मोठ्या जनावराएवढं माप, आणि या हिशोबात दहा शेळ्या-मेंढ्या मिळून एक पशुघटक. 2019च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे 14.89 कोटी शेळ्या मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात सुमारे 1.06 कोटी. पशुघटकांत मांडलं की राज्यातल्या या एक कोटी सहा लाख शेळ्यांची संख्या दहा लाख साठ हजारांवर येते. चाऱ्याचा हिशोब करायला हे माप ठीक आहे. पण तापाला दहानं भाग जात नाही. अडलेली शेळी सोडवायला लागणारा वेळ गाईच्या दहाव्या हिश्शात होत नाही, उलट हात आत जायला जागा कमी म्हणून कधी कधी जास्तच लागतो.

खर्चाचा खरा पीळ इथे आहे. समजा, दहा हजारांची शेळी अडली. रविवार आहे, सरकारी दवाखाना बंद. खासगी डॉक्टर पंधरा किलोमीटरवरून यायचा. त्याचं पेट्रोल, त्याचा वेळ, हातमोजे, इंजेक्शनं यांचा आकडा सत्तर हजारांच्या गाईसाठी जेवढा, जवळपास तेवढाच शेळीसाठी. दीड-दोन हजार झाले तर गाईवाल्याला ती किंमत वाटते, शेळीवाल्याला पाचव्या हिश्शाची शेळी गेल्यासारखं वाटतं. डॉक्टर लुटतो असं नाही, फी जनावराच्या किमतीप्रमाणे लहान होऊ शकत नाही. म्हणून आजारी शेळीचा पहिला ‘उपचार’ बऱ्याच वस्त्यांवर खाटकाला फोन हाच असतो. ही क्रूरता नाही, हिशोब आहे.

औषधांचंही तसंच. बाटल्या मोठ्या जनावरांच्या मापाच्या, वर लिहिलेली मात्रा बहुधा गाईम्हशींची. ज्याच्याकडे चारच शेळ्या आहेत त्यानं उरलेल्या औषधाचं काय करायचं? मात्रेचा अंदाज चुकतो तो वेगळाच. जंताचं औषध घ्या. अल्बेंडाझोलच्या कुळातली औषधं शेळीचं शरीर मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून वजनाच्या मानानं तिला मात्रा जास्त लागते. मेंढीच्या मापानं पाजलं तर जंत पुरते मरत नाहीत, उरलेले औषधाला सरावतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच औषध पाण्यासारखं ठरतं. पैसे दोनदा जातात.

1987 मध्ये तमिळनाडूतल्या अरसूर गावी पीपीआर या शेळ्यामेंढ्यांच्या साथीच्या रोगाची भारतात पहिल्यांदा नोंद झाली. ताप, नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात व्रण, हगवण, आणि आठवडाभरात कळप अर्धा. विषाणू बुळकांडीच्याच कुळातला. सुरुवातीला बुळकांडीचीच लस शेळ्यांना देऊन भागवत, पण बुळकांडी संपल्याचं सिद्ध करायचं तर ती लस बंद करणं भाग होतं, नाहीतर रक्ततपासणीत लसीची प्रतिकारशक्ती कुठली आणि रोगाची कुठली हे कळलं नसतं. म्हणजे गाईबैलांचा रोग संपवताना शेळीच्या हातातलं औषध काढून घेतलं गेलं. पुढे मुक्तेश्वरलाच ‘सुंगरी 96’ या विषाणूवरून शेळ्यांसाठी खास लस तयार झाली. एका टोचणीत किमान तीन वर्षं संरक्षण, शिवाय सरकारी मोहिमेत फुकट. पीपीआरवर थेट औषध नाही, त्यामुळे न टोचलेल्या कळपात रोग शिरला की सलाइन आणि प्रतिजैविकांवर होणारा खर्च बहुतेक वेळा मेलेल्या शेळ्यांच्या किमतीत भर घालतो, इतकंच.

उपचार कुणी करायचा, हाही जुना वाद आहे. 1984च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरांना दिला. पदविका-प्रमाणपत्रवाल्यांना फक्त ‘किरकोळ सेवा’, त्याही पदवीधराच्या देखरेखीखाली. गुणवत्तेच्या दृष्टीनं हे बरोबर आहे. पण पदवीधर तालुक्याला आणि शेळी वाडीवर, म्हणून मधली जागा भरली ती मोटारसायकलवर बॅग अडकवून फिरणाऱ्यांनी, ज्यांच्याकडे कधी प्रमाणपत्र असतं, कधी नुसता अनुभव. 1992 मध्ये जागतिक बँकेच्या एका अभ्यासानं विभागणी मांडली : लसीकरणाचा फायदा सगळ्यांना म्हणून ते सरकारनं करावं, आजारी जनावराच्या उपचाराचा फायदा मालकाला म्हणून पैसे त्यानं मोजावेत. वाचायला नीट आहे. ज्या मालकाला मोजायला परवडतच नाही, त्याची शेळी या मांडणीत कुठे बसते, ते मला आजवर उमगलेलं नाही.

त्याच 1992 मध्ये ‘अंतरा’ ही महिला पशुवैद्यकांची संस्था सुरू झाली आणि तिनं खेड्यातल्या बायकांना जनावरांच्या प्राथमिक उपचारांचं शिक्षण द्यायला घेतलं. बचतगटांच्या चळवळीतून आलेल्या ‘पशुसखी’ याच वाटेवरच्या. जंतनाशक पाजणं, लसीकरणाला हात देणं, खुरं कापणं, आणि डॉक्टरला कधी बोलवायचंच हे ओळखणं. शेवटचं काम सगळ्यात मोलाचं, कारण उशिरा बोलावलेला डॉक्टर सगळ्यात महाग पडतो. आता 1962 या क्रमांकावर फोन केला की फिरता दवाखाना येण्याची योजना आहे. जिल्हा परिषदांच्या जन्मवर्षाचाच आकडा, हा निव्वळ योगायोग. केंद्राचं प्रमाण एक लाख पशुधनामागे एक गाडी. गाडीला फोन लागला तर प्रश्न सुटतो, पण त्या दिवशी ती तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला नसावी लागते.

2022 मध्ये गुरांचा लम्पी त्वचारोग आला तेव्हा गाईबैलांना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. दुसरी हाताशी नव्हती. लम्पीनं गाय मेली तर राज्य सरकारनं 30,000 रुपये दिले. नैसर्गिक आपत्तीच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत दुभत्या गाईम्हशीसाठी 37,500 रुपये ठरले होते, शेळीमेंढीसाठी 4,000. इथे मात्र तिला दहाव्या हिश्शापेक्षा थोडं जास्त मिळालं म्हणायचं.

पीपीआरच्या लसीची बाटली पन्नास-शंभर मात्रांची येते आणि एकदा द्रव मिसळला की थोड्याच तासांत संपवावी लागते. म्हणून चार शेळ्यांसाठी ती फोडता येत नाही. देवळासमोर पटांगणात सकाळी शिबिर लागतं. बायका दोरीला दोन-दोन शेळ्या बांधून येतात, पर्यवेक्षक थर्मास उघडून मोजत उभा राहतो. साठ झाल्या, अजून चाळीस हव्यात. कुणीतरी एका पोराला सायकलवर वरच्या वस्तीला पिटाळतं : सगळ्यांना सांग, बर्फ वितळायच्या आत या.