कियातिसुक सेनामुआंग ऊर्फ झिको

कियातिसुक सेनामुआंग (जन्म ११ ऑगस्ट १९७३, उडोन थानी प्रांत) हा थायलंडचा माजी स्ट्रायकर आणि नंतर कोच. पण बँकॉकमध्ये टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव सांगण्यापेक्षा नुसतं 'झिको' म्हटलेलं बरं. हे टोपणनाव ब्राझीलचा फुटबॉलपटू झिको याच्यावरून पडलं, आणि गंमत म्हणजे तो ओरिजिनल झिको २०१४ ते २०१६ आपल्याकडे एफसी गोवाचा कोच होता तेव्हाच इकडे हा थाई झिको स्वतःच्या देशाची टीम सांभाळत होता.

सुरुवात झाली क्रुंग थाई बँकेच्या टीमपासून. थायलंडमध्ये तेव्हा बँका, पोलीस, आर्मी यांच्याच टीम जोरात असायच्या, आपल्या मुंबईत महिंद्रची टीम असायची ना, साधारण तसंच. नॅशनल टीममध्ये आला तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पुढची जवळपास १५ वर्षं हललाच नाही. साधारणपणे १३४ मॅच आणि ७१ गोल असा आकडा दिला जातो, थायलंडसाठी सगळ्यात जास्त गोल त्याचेच. १९९३, ९५, ९७, ९९ अशी लागोपाठ ४ सी गेम्स (आग्नेय आशियाई देशांचं एशियाड म्हणा) गोल्ड, आणि १९९६, २०००, २००२ अशा ३ वेळा टायगर कप, म्हणजे आग्नेय आशियाची फुटबॉल चॅम्पियनशिप, जिला पुढे सुझुकी कप म्हणायला लागले. त्यातल्या पहिल्या म्हणजे १९९६च्या फायनलमध्ये मलेशियाविरुद्ध १-० झालं, तो एकमेव गोल ह्याचा. गोल मारला की हवेत कोलांटी, हा त्याचा ट्रेडमार्क.

एक मॅच मात्र वेगळी सांगायलाच हवी. डिसेंबर १९९८, बँकॉक एशियाड, क्वार्टर फायनल, समोर साउथ कोरिया. झिकोने गोल मारून लीड दिली, शेवटच्या काही मिनिटांत कोरियाने बरोबरी केली, त्यात थायलंडचे दोघं रेड कार्ड घेऊन बाहेर गेलेले, म्हणजे एक्स्ट्रा टाइममध्ये ९ विरुद्ध ११. आणि तशात थवाचाई दामरोंग-ओंगत्राकुलने लांबून फ्री किक घुसवली, गोल्डन गोल (म्हणजे एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल झाला की मॅच तिथेच संपली), २-१, खेळ खल्लास! पुढे थायलंड चौथाच आला, मेडल नाही, पण तिथे आजही लोक मेडलवाल्या मॅचपेक्षा ह्याच मॅचबद्दल बोलतात.

ह्या जोरावर १९९९मध्ये तो इंग्लंडला हडर्सफील्ड टाउनमध्ये गेला. स्टीव्ह ब्रूस मॅनेजर होता, क्लब दुसऱ्या डिव्हिजनला. तिथे पहिल्या टीमकडून एकही लीग मॅच त्याच्या वाट्याला आली नाही. रिकाम्या हाताने परत.

खरी किंमत झाली ती शेजारी, व्हिएतनाममध्ये. सिंगापूरला आर्म्ड फोर्सेस ह्या क्लबकडून खेळून २००२मध्ये तो प्लेइकू नावाच्या डोंगराळ भागातल्या गावी गेला, होआंग आन्ह जिया लाय ह्या क्लबकडे. मालक फर्निचरच्या धंद्यातून वर आलेला दोआन न्गुयेन डुक, क्लब तेव्हा खालच्या डिव्हिजनमध्ये. आशियातला एक मोठा स्टार अशा ठिकाणी कशाला जाईल असं कुणालाही वाटलं असतं. पण क्लब वर आला आणि २००३, २००४ अशी लागोपाठ दोनदा व्ही-लीग, म्हणजे व्हिएतनामची टॉप लीग, जिंकली. थायलंड-व्हिएतनाम म्हणजे फुटबॉलमधले पक्के वैरी, तरी व्हिएतनामी पब्लिकने ह्याला आपला मानलं. कोचिंगचे पहिले धडेही तिथेच, खेळता खेळता.

मग चुला युनायटेड, चोनबुरी असे क्लब करत २०१३मध्ये त्याच्याकडे अंडर-२३ टीम आली, त्याच वर्षी सी गेम्स गोल्ड, पुढच्या वर्षी इंचॉन एशियाडला चौथा नंबर. तीच पोरं घेऊन त्याने सिनियर टीम बांधली. चनाथिप सोंगक्रासिन हा बुटका प्लेमेकर मधोमध, छोटे छोटे पास, बॉल जमिनीवर. २०१४च्या सुझुकी कपची फायनल मलेशियाशी, दोन मॅचची; त्यात बँकॉकमध्ये २-० जिंकून गेलेली टीम क्वालालंपूरमध्ये ०-३ मागे पडली, कप हातातून गेलाच होता, आणि शेवटच्या ८-१० मिनिटांत चॅरिल चापुई आणि चनाथिपने एकेक गोल मारून एकूण ४-३ ने कप आणला. हा कप खेळाडू म्हणूनही आणि कोच म्हणूनही जिंकणारा झिको पहिलाच. २०१६ला इंडोनेशियाला हरवून परत जिंकला.

पण वर्ल्ड कप क्वालिफायरच्या शेवटच्या राउंडला गाडी अडली. जपान, सौदी, ऑस्ट्रेलिया, यूएई, इराक असा ग्रुप, ७ मॅचमध्ये फक्त १ पॉइंट. तो पॉइंटही कसा, तर १५ नोव्हेंबर २०१६ला, राजा भूमिबोल जाऊन महिना झालेला, स्टेडियमभर काळे कपडे, आणि ऑस्ट्रेलियाशी २-२. मार्च २०१७मध्ये सौदीकडून ०-३ आणि सैतामाला जपानकडून ०-४ झाल्यावर त्याने राजीनामा दिला. माझ्या मते घाई झाली, कारण ह्या टीमला इथवर आणणाराच तो होता. त्याच्या जागी आलेल्या मिलोव्हान रायेवाचची गच्छंती मात्र आपल्या हातून झाली, जानेवारी २०१९च्या एशियन कपमध्ये भारताने थायलंडला ४-१ धुतलं आणि लगेच नारळ.

२०२०च्या शेवटी झिको परत प्लेइकूला, जुन्याच क्लबचा कोच. २०२१मध्ये १२ राउंडनंतर टीम टॉपला होती, २००४ नंतरचं पहिलं टायटल दिसत होतं, आणि कोविडमुळे लीगच रद्द, ट्रॉफी कुणालाच नाही. २०२२च्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, कोरियाच्या जेओनबुकशी १-१ आणि ऑस्ट्रेलियाच्या सिडनीवर १-० विजय, ग्रुपमध्ये तिसरे. २०२४च्या सुरुवातीला हनोई पोलीस क्लबकडे गेला, तिथे काही महिनेच टिकला.