दोन माणसं, एक रिव्हेट

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जॅक्सन सेंटर नावाचं छोटंसं गाव आहे. एअरस्ट्रीम ही कंपनी तिथे ट्रेलर बनवते, म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायची ॲल्युमिनियमची फिरती घरं. तिच्या कारखान्यात ट्रेलरच्या कवचाला रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा धातूचा खिळा, ठोकायला आजही दोन माणसं लागतात. एक बाहेर, हवेवर चालणारी रिव्हेट गन घेऊन. दुसरा आत, हातात पोलादी ठोकळा धरून. मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. बाहेरून ठोका पडला की आत आलेली रिव्हेटची शेपटी ठोकळ्यावर चेपते आणि पत्रे जखडले जातात. ठोकळा जरा तिरका धरला गेला तर शेपटी वाकडी बसते. मग ड्रिलने रिव्हेट काढा आणि दुसरा बसवा. एका ट्रेलरला असे हजारो. कढईचा कान बसवायची जी रीत, तीच ही. फक्त इथे कढईत माणसं राहायला जातात.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा वेल्डिंग का नाही? कारण विमानाच्या जातीचं हे ॲल्युमिनियम उष्णताप्रक्रियेने कडक केलेलं असतं. वेल्डिंगची आच लागली की जोडापाशीच ते नरम पडतं. म्हणून विमानं रिव्हेटने जोडतात. आपल्या एसटीच्या जुन्या लाल गाड्यांच्या अंगावरही ॲल्युमिनियमचा पत्रा असायचा, आणि खिडकीशेजारी बसून रिव्हेटच्या रांगा मोजलेली पिढी अजून आहे. एअरस्ट्रीममध्ये मात्र पत्रा नुसता अंगावर चढवलेला नाही. आतल्या बरगड्या आणि बाहेरचं कातडं मिळून भार पेलतात, अगदी विमानाच्या धडासारखे.

ही विमानविद्या ट्रेलरमध्ये आणली हॉली बोलस या ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, बांधणाऱ्या माणसाने. चार्ल्स लिंडबर्गने 1927 साली ज्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’मधून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्या विमानाच्या बांधणीवर बोलसची देखरेख होती. 1934 मध्ये त्याने कॅलिफोर्नियात ‘रोड चीफ’ हा ट्रेलर काढला. देखणा, हलका आणि महाग. दार मात्र पुढच्या बाजूला, म्हणजे मोटारीला जोडायच्या दांड्याच्या वर! 1936 पर्यंत बोलसचा धंदा बसला.

इथे एअरस्ट्रीमचा संस्थापक वॉली बायम येतो. 1896 चा जन्म, गाव ओरेगनमधलं बेकर सिटी. पोरवयात मेंढ्या राखताना तो गाढवाच्या दुचाकी गाडीत राहिला होता. गाडीत रॉकेलचा स्टोव्ह, धुण्याची बादली आणि झोपायची वळकटी. पुढे लॉस एंजलिसमध्ये जाहिरात आणि मासिकांच्या धंद्यात पडला. जमिनीवर झोपायला बायको राजी नव्हती, तेव्हा त्याने फोर्डच्या मॉडेल टीच्या सांगाड्यावर तंबू उभारला, मग पक्कं छप्पर घातलं, आणि लोक विचारू लागल्यावर बांधणीचे नकाशे विकले. नंतर ट्रेलरच बांधून विकू लागला. सुरुवातीचे दाबलेल्या लाकडी बोर्डाचे होते. बोलस बुडाल्यावर त्याची रचना बायमने उचलली, दार बाजूला नेलं आणि 1936 मध्ये ‘क्लिपर’ बाजारात आणला. किंमत 1,200 डॉलर. महामंदीच्या त्या दिवसांत तेवढ्या पैशांत फोर्डच्या जवळजवळ दोन नव्या मोटारी आल्या असत्या.

युद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळलं आणि कारखाना बंद झाला. बायम विमानाच्या कारखान्यांत नोकरीला लागला. युद्धानंतर त्याने पुन्हा मांडामांड केली. जॅक्सन सेंटरची शाखा 1952 मधली. ‘बदल नको, फक्त सुधारणा’ असं तो म्हणायचा. जाहिरातवाल्याचं वाक्य म्हणून सोडून दिलं असतं, पण हा गृहस्थ सुधारणा शोधायला स्वतः रस्त्यावर उतरायचा. 1951 पासून तो ट्रेलरमालकांचे तांडे घेऊन निघू लागला. 1959 मध्ये केपटाऊनहून निघालेला तांडा पुढच्या वर्षी पार इजिप्तला पोचला. पिरॅमिडपाशी रिंगण करून उभ्या असलेल्या त्या रुपेरी गाड्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. 1962 मध्ये बायम गेला, तरी 1963-64 मध्ये एक तांडा सिंगापूरहून लिस्बनला गेलाच.

आणि 24 जुलै 1969. ‘हॉर्नेट’ या युद्धनौकेवर अध्यक्ष निक्सन वाकून एका खिडकीशी बोलताहेत; आत नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन, मायकल कॉलिन्स. चंद्रावरून जंतू आले असतील या धास्तीने त्यांना ठेवलेला तो डबा म्हणजे बदल करून घेतलेला एअरस्ट्रीम. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवला होता, म्हणजे चुकून फट राहिलीच तर हवा आत येईल, बाहेर जाणार नाही.

नंतर मालकी बदलली. 1980 पासून कंपनी थॉर इंडस्ट्रीजकडे आहे.

या ट्रेलरच्या आकर्षणाबद्दल स्मरणरंजनाचं बरंच बोललं जातं. आरशासारखा चकचकाट आहेच. जुन्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असे, तो घासला की तोंड दिसतं. पण मला खरं कारण दुरुस्तीत दिसतं. कवच टिकतं, सडते ती जमीन. शिवणीतून पाणी झिरपतं, खालचा प्लायवूड भुसा होतो, विशेषतः मागच्या टोकाला. मग हौशी मालक खालच्या कडेचे रिव्हेट ड्रिलने काढतो, अख्खं कवच घोडीवर टांगतो, सांगाडा खरवडून रंगवतो, नवा प्लायवूड टाकतो. कवच खाली उतरवून भोकाला भोक जुळवायचं आणि कुणाला तरी हाक मारायची, कारण आत ठोकळा धरायला दुसरा माणूस लागतोच.