सोव्हिएत सैनिकांची अफगाणिस्तानातील खासगी छायाचित्रे

अफगाणिस्तानातील युद्धात (डिसेंबर १९७९ – १५ फेब्रुवारी १९८९) सोव्हिएत सैन्याच्या ४० व्या आर्मीतील शिपाई व अधिकारी यांनी स्वतःच्या किंवा सोबत्याच्या कॅमेऱ्याने काढलेली आणि घरी पाठवण्यासाठी, अल्बममध्ये लावण्यासाठी जपलेली छायाचित्रे. या काळात सुमारे ६ लाख २० हजार सोव्हिएत नागरिकांनी तेथे सेवा केली. त्यांपैकी १५ हजारांच्या आसपास मृत्युमुखी पडले. बहुसंख्य शिपाई दोन वर्षांच्या सक्तीच्या लष्करी सेवेतले, अठरा ते वीस वर्षांचे होते.

सोव्हिएत वृत्तपत्रांत पहिली काही वर्षे या सैन्याचे जे दर्शन घडे ते रोपे लावणारे, पीठ वाटणारे, शाळा बांधणारे असे होते. त्यामुळे शिपायांच्या खासगी फोटोंना दस्तऐवज म्हणून मोठे मोल आले. मात्र ते ‘खरे युद्ध’ दाखवतात हा समज अर्धवट आहे. प्रत्यक्ष चकमकीचे चित्र यांत क्वचितच सापडते. गोळीबार सुरू असताना हात बंदुकीवर असतो, हे त्याचे सर्वांत साधे कारण. शिवाय काय टिपता येईल, रोल कुठे धुता येईल, सीमेवरून काय पार होईल आणि आईच्या हाती काय पडलेले चालेल, या चारही प्रश्नांतून निभावलेलेच फोटो आज उरले आहेत.

कॅमेरे आणि फिल्म

सर्वाधिक वापर ‘स्मेना-८एम’ या लेनिनग्राडच्या ‘लोमो’ कारखान्यातील कॅमेऱ्याचा झाला. प्लॅस्टिकची बॉडी, ४० मिमीचे एफ/४ भिंग, १/१५ ते १/२५० सेकंद शटर, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, किंमत १५ रूबल. प्रकाशमापक नाही, शटरच्या कड्यावर सूर्य, ढग, पाऊस अशी चित्रे असतात, त्यांवरून वेळ ठरवायची. अंतरही अंदाजाने लावायचे. कडे डोंगराच्या खुणेवर राहून गेले आणि समोर दोन मीटरवर चार सोबती उभे राहिले, की मागची कडेकपार सुस्पष्ट आणि चेहरे पुसट येत. या कॅमेऱ्यात शटर चढवणे आणि रीळ पुढे सरकवणे या दोन स्वतंत्र क्रिया असल्याने एकाच चौकटीवर दोनदा फोटो पडणेही नित्याचे होते. तरी धुळीच्या मुलखात तो टिकला, कारण त्याचे पातींचे शटर भिंगाच्या घटकांमध्ये बंदिस्त असते.

‘झेनिट-ई’ अधिक मानाचा: क्रास्नोगोर्स्कचा एसएलआर (आरशाच्या साहाय्याने भिंगातूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा), ५८ मिमीचे ‘हेलिओस’ भिंग, सेलेनियमचा प्रकाशमापक (म्हणजे सेलची कटकट नाही), पण वजन भिंगासह एक किलोच्या घरात आणि शटर कापडी पडद्याचे. बारीक वाळू आत गेली की पडदा अडखळतो आणि चौकटीची एक बाजू काळवंडते. खारकोव्हचा ‘फेड’ आणि क्रास्नोगोर्स्कचा ‘झोर्की’ या रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून पाहून अंतर जुळवायच्या) कॅमेऱ्यांचा दोष वेगळा. त्यांत भिंग व पडदा यांमध्ये आरसा नसतो. टोपण न लावता कॅमेरा उन्हात ठेवला तर भिंगातून एकवटलेले ऊन पडद्याला टाचणीएवढे भोक पाडते. पुढच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी पांढरा ठिपका येतो. संग्रह तपासणाऱ्याला ही खूण उपयोगी पडते: ठिपका दर चौकटीत एकाच ठिकाणी असेल तर दोष शटरचा, आणि वेगवेगळ्या मालकांकडे गेलेले असे फोटो बहुधा एकाच कॅमेऱ्यातून निघालेले. ठिपके जागा बदलत असतील तर ती निव्वळ धूळ.

जपानी कॅमेरे काबूलच्या बाजारात मिळत; पण शिपायाला पगार मिळे तो परकीय व्यापाराच्या ‘चेक’ या कुपनांत, महिन्याला जेमतेम दहाच्या आगेमागे. एवढ्यात जपानी कॅमेरा येत नसे. तो अधिकाऱ्यांच्याच गळ्यात दिसे.

फिल्म बहुतांशी कृष्णधवल: शोस्त्काची ‘स्वेमा’ किंवा कझानची ‘तास्मा’, संवेदनक्षमता ‘गोस्त’ या सोव्हिएत मानकाप्रमाणे ६५ किंवा १३०. ३६ चौकटींचा तुकडा काळ्या कागदात गुंडाळून मिळे. अंधारात, नाहीतर ब्लँकेटखाली हात घालून, तो जुन्याच कॅसेटमध्ये भरावा लागे. कॅसेटच्या मखमली पट्टीत वाळूचा एक कण अडकला की अख्ख्या रोलभर समांतर चरा उमटतो. कॅसेटचे झाकण सैल असेल तर कडेने प्रकाश शिरून धुरकट पट्टे येतात. रंगीत काम मुख्यतः स्लाइडवर, त्यात पूर्व जर्मनीची ‘ओर्वो’ नावाजलेली. तिची धुलाई चौकीवर होण्यासारखी नसल्याने ती रजेवर जाणाऱ्याबरोबर घरी जाई.

उन्हाचा अंदाज हा खरा कस. ६५ च्या फिल्मला भर दुपारी १/१२५ सेकंद आणि एफ/११ पुरेसे. पांढरी वाळू किंवा बर्फ असेल तर एफ/१६. पण सैनिकांच्या रुंद कडांच्या ‘पनामा’ टोपीची सावली थेट डोळ्यांवर पडते आणि असंख्य फोटोंत हनुवटी लख्ख, तर कपाळापासून नाकापर्यंत काळा पट्टा आहे. टोपी मागे सरकवणे किंवा उन्हे कलल्यावर फोटो काढणे, हे दोनच इलाज.

रोल धुणे

रेजिमेंटच्या मुख्य तळावर क्लबमध्ये बहुधा डार्करूम असे आणि ओळखपत्रांचे फोटो काढणारा शिपाई तिचा ताबेदार. त्याच्याशी मैत्री असलेल्याचे काम आधी होई, बदल्यात कागद किंवा सिगारेटी. रस्त्याच्या किंवा खिंडीच्या कडेच्या छोट्या चौकीवर मात्र सगळे हाताने.

लागणारे सामान थोडे: एका रोलसाठी चक्राकार खाचांची प्लॅस्टिकची टाकी (द्रावण सुमारे ३०० मिलि), मेटॉल-हायड्रोक्विनोनचा डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण), हायपो (चित्र पक्के करणारे द्रावण), लाल बल्ब आणि एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रत काढायचे यंत्र). पेटीत घडी होणारा ‘यूपीए’ जातीचा एन्लार्जर गाडीतून नेता येई. जनरेटर ठरावीक तासच चालत असल्याने छपाई रात्रीच्या त्या तासांत उरकायची. व्होल्टेज वरखाली झाले की एन्लार्जरचा दिवा मंदावतो आणि एकाच निगेटिव्हच्या दहा प्रतींत दहा छटा येतात.

खरे संकट तापमानाचे आणि पाण्याचे. डेव्हलपर २० अंश सेल्सियसला वापरायचा, वेळ आठ ते दहा मिनिटे. कंदाहार किंवा जलालाबादच्या उन्हाळ्यात टाकीतले पाणीच तिशी ओलांडते. तापमान दर अंशाने वाढले की वेळ सुमारे एक दशांशाने कमी करावी लागते. ३० अंशांना तीन-चार मिनिटेच उरतात आणि एवढ्या थोड्या वेळात द्रावण सारखे फिरत नाही, म्हणून आकाशात ढगाळ डाग पडतात. २५ अंशांच्या वर जिलेटिन फुगून मऊ होते. त्यात गरम डेव्हलपरमधून फिल्म एकदम थंड पाण्यात टाकली तर थर आक्रसून बारीक जाळी पडते, चेहऱ्यावर भेगा गेल्यासारखी. उपाय जुनेच आहेत: पहाटे काम करणे, टाकीभोवती ओले फडके गुंडाळून वाऱ्याला ठेवणे, डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून फुगणे रोखणे, मध्ये क्रोम तुरटीचे पाणी देणे.

पाणी टँकरने येई, आणि काविळीची साथ कायम असल्याने उकळून प्यायला लागे. फोटोसाठी त्यातला वाटा किती मिळणार? हायपोनंतर वाहत्या पाण्यात वीस-तीस मिनिटे धुणे शक्य नसेल तर पाणी पाच-सहा वेळा बदलून प्रत्येक वेळी पाच मिनिटे ठेवले तरी चालते. तेवढेही झाले नाही, आणि हेच जास्त वेळा घडले, तर हायपोचा अंश कागदात राहतो. असे फोटो दहा-पंधरा वर्षांनी पिवळे-तपकिरी पडू लागतात. आज काही संग्रहांत चौकीवरचे फोटो पिवळे आणि घरी छापलेले त्याच रोलचे फोटो स्वच्छ दिसतात, त्याचे कारण हेच.

विषय

रणगाड्यावर किंवा बीटीआर या चाकांच्या चिलखती गाडीवर बसलेला गट, छातीवर काडतुसांचा पट्टा आडवा टाकून पीके मशीनगनसह उभा शिपाई, जप्त केलेली जुनी ली-एनफिल्ड रायफल किंवा डीएसएचके ही जड मशीनगन, न्हाणीघर, पाव, कुत्रा, गाढवावरचा मुलगा, सालांग खिंडीतले बर्फ. पट्टा आणि मशीनगन कित्येकदा उसनी असे. स्वयंपाकी, लेखनिक, चालक सारेच तिच्यासह उभे राहत. म्हणून हातातल्या शस्त्रावरून माणसाचे काम ठरवू नये. उलट, घरी धाडायच्या पाकिटात शस्त्राविनाचे फोटो जात. पुष्कळांनी घरी आपण मंगोलियात किंवा पूर्व जर्मनीत असल्याचे कळवलेले असे, तेव्हा मागे अफगाणिस्तानची खूणही चालत नसे.

मारल्या गेलेल्या मुजाहिदांचे आणि कैद्यांचेही फोटो आहेत. ते अल्बममध्ये सहसा लागले नाहीत, पण निगेटिव्हच्या पट्ट्यांत राहिले. म्हणून जाणकार छापील प्रतींपेक्षा पूर्ण पट्टी मागतात: आधीची आणि नंतरची चौकट पाहिल्याशिवाय मधल्या फोटोचा अर्थ लावणे धोक्याचे. छायाचित्रातील अफगाण माणसांना कोणी विचारले नव्हते. त्यांचे चेहरे आज उघड करताना गाव व वर्ष सोबत देऊ नये, हा संकेत अलीकडे पाळला जातो, सर्वत्र नाही.

सीमा आणि अल्बम

परतीची वाट हैरातान–तेरमेझ किंवा कुश्का या सीमानाक्यांवरून, नाहीतर विमानाने ताश्कंद. तेथे सामान उलगडून पाहिले जाई. शस्त्रे, चिलखती गाड्या, तळ, मृतदेह यांचे फोटो काढून घेतले जात. न धुतलेला रोल ओढून उजेडात धरला की प्रश्न मिटला. पलटणीतला राजकीय अधिकारी आणि ‘विशेष विभागा’चा (सैन्यातील केजीबीचा) माणूस यांची झडती त्याच्याही आधी झालेली असे. अस्तरात शिवणे, सिगारेटच्या पाकिटात घडी करणे, ओळखीच्या वैमानिकाबरोबर पाठवणे, असे मार्ग होते. घडी घातलेल्या फोटोच्या मध्यावरची चीर ही त्या प्रवासाची नोंदच. स्कॅनवरून ती ‘दुरुस्त’ करू नये.

सुटलेले फोटो ‘देम्बेल’ म्हणजे सेवामुक्तीच्या अल्बममध्ये जात. ही प्रथा साऱ्या सोव्हिएत सैन्यात होती. पुठ्ठ्यावर ओव्हरकोटचे कापड किंवा मखमल, पत्र्याची कापलेली अक्षरे, पानांवर दातांच्या ब्रशने उडवलेला रंग, आणि पानापानांत ट्रेसिंग पेपरवर व्यंगचित्रे. चित्रकला जमणारा शिपाई इतरांचे अल्बम सजवून देई. अधिकारी अधूनमधून असे अल्बम जप्त करत. फोटो चिकटवण्याचा डिंक मात्र वाईट निघाला: तो कडक होऊन कागद वळवतो आणि मागचा मजकूर कायमचा झाकतो.

काळ व स्थळ ओळखणे

पाठीवरचा मजकूर पहिला आधार, आणि पहिला सापळाही. ‘डीएमबी-८६’ असे लिहिले असेल तर १९८६ हे सेवामुक्तीचे वर्ष. फोटो १९८४ किंवा १९८५ चा असू शकतो. त्यानंतर वस्तू पाहाव्यात. आखूड जाड नळीची बीएमपी-१ ही पायदळाची चिलखती गाडी सुरुवातीच्या वर्षांत, ३० मिमीची लांब बारीक नळी असलेली बीएमपी-२ नंतर. बीटीआर-८० दिसले तर दशकाच्या मध्यानंतरचा फोटो. हेलिकॉप्टरच्या इंजिनावर उष्णता झाकणारे खोके नसतील तर बहुधा आधीचा काळ. ‘कृतज्ञ अफगाण जनतेकडून’ हे पदक छातीवर असेल तर १९८८ किंवा नंतर.

सीमेवरील अमूदर्या नदीवरचा पोलादी मैत्री पूल १९८२ मध्ये खुला झाला. त्यावरून जाणाऱ्या ताफ्याच्या फोटोखाली ‘डिसेंबर १९७९, प्रवेश’ अशी ओळ फिरत असते. ती चूक आहे, तेव्हा तेथे तराफ्यांचा पूल होता. फुले, झेंडे आणि परतणारा ताफा म्हणजे १९८९ असेही धरू नये: ऑक्टोबर १९८६ मध्ये सहा रेजिमेंट परत नेल्या गेल्या, आणि मोठी माघार मे १९८८ पासून टप्प्यांनी झाली.

उलटी छपाई फार आढळते, कारण घाईत निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये पालथे बसते. कलाश्निकोव्हमध्ये गोळी चढवण्यासाठी मागे ओढायची मूठ उजव्या बाजूला असते. फोटोत ती डावीकडे दिसली, पुरुषी सदऱ्याची बटणपट्टी उलट आली, की प्रत उलटी समजावी आणि मगच मागची डोंगररांग नकाशाशी ताडावी. हे न केल्यामुळे पंजशीरच्या दरीचा कल चुकीचा लावला गेल्याची उदाहरणे आहेत.

संग्रह व जतन

हे फोटो आज पूर्वीच्या सोव्हिएत संघातील पंधराही देशांत विखुरलेले आहेत. बहुतेक घरांत, काही येकातेरिनबुर्गच्या ‘शुरावी’ संग्रहालयासारख्या ठिकाणी, पुष्कळ समाजमाध्यमांवर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस काबूलमध्ये अधिकारी असलेले मिखाईल येवस्ताफियेव यांची छायाचित्रे मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने जगभर तीच पुन्हा पुन्हा छापली जातात. त्यामुळे युद्धाची अखेरची दोन वर्षे डोळ्यांसमोर ठसली आणि आधीची सात फिकी राहिली.

अल्बममधून फोटो सोडवू नयेत. पान जसे आहे तसे, ट्रेसिंग पेपरसह व त्याविना, दोनदा स्कॅन करावे. ९×१२ सेंमी प्रतीला ६०० डीपीआय पुरते, निगेटिव्हला २४०० ते ३२००. फिल्म ट्रायअसिटेट या प्लॅस्टिकची असून ते कुजू लागले की आंबट वास सुटतो, म्हणून डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर तो रोल इतरांपासून ताबडतोब वेगळा करून आधी स्कॅन करावा. पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी पॉलिएस्टर किंवा आम्लरहित कागद वापरावा. पाठीवर बॉलपेनने काही लिहू नये. दाब पडून मजकूर पुढच्या बाजूला उमटतो. फाइलच्या नावात मूळ मालकाने सांगितलेले वर्ष आणि तपासाअंती ठरलेले वर्ष, दोन्ही ठेवावीत.