बेअरिंग बडी आणि भोकाचा स्पिंडल: ग्रीस शिरतं कुठून, जातं कुठे

बोटीच्या ट्रेलरच्या चाकात मधोमध ग्रीसचं निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) दिसलं, की त्याला बेअरिंग बडी म्हणून लोक मोकळे होतात. मिशिगन-मिनेसोटाकडच्या तळ्यांवर बोट नेणारी आपली मराठी मंडळीही त्याला अपवाद नाहीत. पुष्कळदा तो बडी नसतोच. रबरी बूच काढल्यावर आत निप्पल दिसत असेल, तर तो आतून भोक पाडलेला स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते ॲक्सलचं टोक आहे. डेक्स्टर कंपनी त्याला इझी-ल्यूब म्हणते. निप्पल दोन्हींना, जागा तीच, ग्रीस मारायची गनही तीच. म्हणून दोन्हींना ग्रीसही सारखंच मारलं जातं, आणि त्यात कुणाचं सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) फाटतं, कुणाचं बेअरिंग जळतं.

बडी बहुतेकांच्या ओळखीचा आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळ भागाच्या, तोंडात ठोकून बसवलेली धातूची डबी, तिच्यात स्प्रिंगवर सरकणारा दट्ट्या आणि दट्ट्यात निप्पल. स्प्रिंगमुळे आतल्या ग्रीसवर चौरस इंचाला साधारण ३ पौंड दाब राहतो. हायवेवर तापलेला हब रॅम्पवरून (बोट पाण्यात सोडायच्या उतारावरून) थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि मागच्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दाब असला तर पाण्याला वाट मिळत नाही. बेअरिंगं म्हणाल, तर आपल्याकडच्या उसाच्या ट्रॉलीत असतात तशीच टेपर रोलरची जोडी, पुष्कळदा आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. फक्त ट्रॉली कुणी पाण्यात उतरवत नाही.

आता मुद्द्याचं. बडीत ग्रीस पुढून शिरतं. आधी बाहेरच्या बेअरिंगपाशी येतं, मग हबच्या पोकळीत, शेवटी आतल्या बेअरिंगपर्यंत आणि तिथे मागच्या सीलला जाऊन टेकतं. पुढे वाट नाही. म्हणजे नवं ग्रीस जुन्याला ढकलून बाहेर काढू शकत नाही. काढलंच तर सील फोडून काढेल. आतल्या बेअरिंगभोवती पाण्याने दुधाळ झालेलं ग्रीस असेल, तर तुम्ही पुढून कितीही ताजं भरा, ते जागचं हलत नाही.

स्पिंडलचं उलट आहे. निप्पल स्पिंडलच्या टोकात असतं. ग्रीस स्पिंडलच्या पोटातून थेट मागे जातं आणि मागचं सील व आतलं बेअरिंग यांच्या मध्ये बाहेर पडतं. तिथून आतल्या बेअरिंगमधून, पोकळीतून, बाहेरच्या बेअरिंगमधून पुढे येतं आणि जुनं ग्रीस तुमच्या डोळ्यांसमोर हबच्या टोपीतून बाहेर पडतं. इथे ग्रीस खरोखर बदललं जातं. पण स्प्रिंग नाही, म्हणून दाबही नाही. हब अर्धवट भरलेला असेल तर तापून थंड होताना तो पाणी ओढणारच.

म्हणजे बडी दाब राखतो, ग्रीस बदलत नाही. भोकाचा स्पिंडल ग्रीस बदलतो, दाब राखत नाही.

ग्रीस मारायची रीत त्यावरूनच ठरते. बडीला थोडं थोडं मारा, दट्ट्या बाहेर सरकू लागला की थांबा. दट्ट्याच्या कडेवर बोटाने दाबून पाहा. तो हलला किंवा कलला, तर ग्रीस पुरेसं आहे, गनला हात लावू नका. ‘मागून बाहेर येईपर्यंत मारायचं’ हा सल्ला ऐकला की माझा संताप होतो. मागून ग्रीस आलं याचा अर्थ सील गेलं, आणि ब्रेक असलेल्या ॲक्सलवर ते ग्रीस सरळ ब्रेकच्या लायनिंगवर जातं.

स्पिंडलला मात्र दोन-चार पंप मारून भागत नाही. तेवढं ग्रीस बाहेरच्या बेअरिंगपर्यंत पोचतही नाही. चाक जॅकवर उचला, एका हाताने सावकाश फिरवत ठेवा आणि पुढून स्वच्छ ग्रीस येईपर्यंत मारा. गन हाताचीच हवी. हवेच्या किंवा बॅटरीच्या गनने घाई केली, की ग्रीसला रोलरांमधून पुढे सरकायला वेळ मिळत नाही, सगळा दाब मागच्या सीलवर येतो आणि ते उलटतं.

काही जण दोन्हींचा फायदा मिळावा म्हणून भोकाच्या स्पिंडलवर बडी ठोकतात. तसं करू नका. स्पिंडलचं निप्पल बडीच्या मागे झाकलं जातं आणि जुनं ग्रीस यायची वाटही बंद होते.

किंमत, टोपीचा आकार, बडीवरचं प्लॅस्टिकचं झाकण, हे फरक किरकोळ आहेत. बडी घेताना हबच्या तोंडाचा व्यास मात्र मोजून घ्या. १९८० हा मॉडेल नंबर म्हणजे १.९८० इंच. तिथे अंदाज चालत नाही.

मला विचाराल तर दर आठवड्याला पाण्यात उतरणाऱ्या ट्रेलरला बडीच बरा. पाणी बाहेर ठेवणं हे रोजचं काम आहे. ग्रीस बदलणं वर्षाचं काम, आणि ते निप्पलमधून उरकण्यापेक्षा हब उघडून हाताने करावं. रेसवर, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या कडीवर, पडलेले खड्डे, तापून निळसर झालेले रोलर, सीलच्या ओठाने स्पिंडलवर पाडलेली खाच, हे कुठल्याच निप्पलमधून दिसत नाही. भोकाचा स्पिंडल असला तरी हे उघडणं चुकत नाही. बर्फ पडायच्या आधी, बोट हिवाळ्यासाठी आत ठेवताना ते करावं. पाणी शिरलेला हब तसाच राहिला, तर वसंतात रोलरांच्या जागी रेसवर गंजाचे पट्टे दिसतात.

उघडलंत की सील नवं घाला. जुनं ‘बरं दिसतंय’ म्हणून परत ठोकू नका. स्प्रिंगची बाजू हबच्या आत. ग्रीस मरीन, व्हील बेअरिंगसाठीचं, आणि आधीचं कुठलं होतं माहीत नसेल तर सगळं धुऊन मगच नवं भरा. लिथियम आणि पॉलियुरियाची ग्रीसं एकमेकांत मिसळली तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. नट आवळताना हब फिरवत ५० फूट-पौंडांपर्यंत घट्ट करा, मग पूर्ण सैल करा, हब न फिरवता नुसत्या बोटांनी आवळा आणि स्प्लिट पिन नवी टाका. हबला किंचित, जेमतेम जाणवेल इतका प्ले (हलायला मोकळीक) राहिला पाहिजे. पान्याने ‘अजून थोडं’ आवळलेलं बेअरिंग ग्रीस भरपूर असूनही तापतं.