घातक कचरा सुविधांवरील भूवापर निर्बंध

औद्योगिक घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी, तो जाळणारी अथवा कायमचा पुरणारी सुविधा कोणत्या जागी उभारता येईल आणि ती उभी राहिल्यावर तिच्या भोवती काय बांधता येणार नाही, हे ठरविणाऱ्या नियमांच्या समूहास भूवापर निर्बंध म्हणतात. महाराष्ट्रात हे नियम एका ठिकाणी सापडत नाहीत. जागेची पात्रता पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील नियम आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष यांवरून ठरते; सभोवतालच्या जमिनीचा वापर मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये मंजूर झालेल्या प्रादेशिक योजना आणि विकास आराखडे ठरवितात. बहुतेक वाद या दोहोंच्या सांध्यावर उभे राहतात.

केंद्रीय मंडळाने घातक कचऱ्याच्या लँडफिलसाठी, म्हणजे तो कायमचा पुरण्याच्या खड्ड्यासाठी, २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार अशी जागा नदीपासून १०० मीटर, तलावापासून व महामार्गापासून २०० मीटर, सार्वजनिक उद्यानापासून ३०० मीटर, तर वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून किमान ५०० मीटर दूर असावी लागते. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुराच्या पट्ट्यात किंवा सागरी किनारा नियमन क्षेत्रात ती चालत नाही, आणि भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळापासून निदान दोन मीटर खाली असावी लागते. एवढी खबरदारी कशासाठी, हे खड्ड्याची रचना पाहिल्यावर उमगते. तळाशी दाबून बसविलेल्या चिकणमातीचा जाड थर असतो, त्यावर सुमारे दीड मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची चादर अंथरलेली असते, आणि कचऱ्यातून झिरपणारे काळपट, उग्र वासाचे पाणी त्या चादरीवर जमा होऊन नळ्यांवाटे उपसले जाते. कोकणातील पावसाळ्यात उघड्या खड्ड्यात हे पाणी किती वेगाने वाढत असेल, याची कल्पना करता येईल. चादरीला एक चीर गेली तरी मधले दोन मीटर आणि चिकणमाती यांवरच भिस्त राहते.

याच निकषांत एक वाक्य असे आहे की, त्याची चर्चा क्वचितच होते: जागा निश्चित झाल्यावर तिच्या हद्दीभोवती ५०० मीटरचा पट्टा ना-विकास बफर झोन म्हणून जाहीर करावा. म्हणजे निर्बंध दुहेरी आहे. सुविधेने वस्तीपासून दूर राहायचे आणि वस्तीनेही सुविधेकडे सरकायचे नाही. पहिली अट परवानगी देताना तपासली जाते. दुसरी पाळायची तर नियोजन प्राधिकरणाने आराखड्यात फेरफार करून तो पट्टा नकाशावर रंगविला पाहिजे, आणि हे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अखत्यारीत येत नाही.

महाराष्ट्रातील सामाईक, म्हणजे अनेक कारखान्यांचा कचरा एकत्र घेणाऱ्या, सुविधा तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी अशा औद्योगिक क्षेत्रांत आहेत, आणि त्यामुळे गुंता वाढतो. औद्योगिक क्षेत्रात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ हेच विशेष नियोजन प्राधिकरण असते व त्याची विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे नियम, स्वतंत्र असते. राज्याची २०२० ची एकत्रीकृत नियमावली तेथे लागू होत नाही. परंतु ५०० मीटरचे वर्तुळ कुंपणापाशी थांबत नाही. कुंपणापलीकडची जमीन महानगरपालिका, सिडको किंवा प्रादेशिक योजनेखालील ग्रामीण क्षेत्र यांपैकी कोणाच्याही आराखड्यात येऊ शकते. तळोज्याच्या आसपास गेल्या दोन दशकांत खारघर-पनवेल पट्ट्यात नागरी वस्ती झपाट्याने वाढली. नकाशावरील जांभळा औद्योगिक विभाग आणि पिवळा निवासी विभाग यांत किती अंतर असावे, हे एका कार्यालयाने ठरवून भागत नाही, ते यामुळेच.

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार अशा सामाईक सुविधांना पूर्वमंजुरी घ्यावी लागते. कचरा जाळण्याची सोय असेल तर ती केंद्र सरकारकडून. पूर्वमंजुरीआधी सर्वसाधारणपणे जनसुनावणी होते, मात्र मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या प्रकल्पांना त्याच अधिसूचनेने त्यातून सूट दिली. ही सूट पटण्याजोगी नाही, कारण वास आणि धूर सोसणारे लोक बहुधा वसाहतीबाहेरच राहतात.

जागा नियमांत बसली म्हणजे ती लोकांनी स्वीकारली असे होत नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील कचरा नागपूरजवळच्या बोरखेडी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळण्याचा प्रस्ताव विदर्भातील विरोधामुळे मागे पडला. अखेर ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील पीथमपूरच्या औद्योगिक क्षेत्रात नेण्यात आला, तेव्हा तेथेही लोक रस्त्यावर उतरले.

काळाचे गणितही जुळत नाही. लँडफिल बंद झाल्यानंतर तिची ३० वर्षे देखरेख अपेक्षित असते, तर विकास आराखड्याची सुधारणा २० वर्षांतून किमान एकदा करावी लागते. म्हणजे बफर झोन किमान एका सुधारणेतून शाबूत बाहेर पडला पाहिजे. त्यातच ना-विकास ठरलेली जमीन संपादित होत नसल्याने मालकाला मोबदला मिळत नाही आणि विभाग बदलून घेण्याचा दबाव वाढत जातो. सातबाऱ्यावरील इतर हक्कांच्या रकान्यात या पट्ट्याची नोंद नसेल, तर जमीन घेणाऱ्याला तो कळण्यासाठी नगररचना कार्यालयातून झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या विभागात येते हे सांगणारे प्रमाणपत्र, मागविणे, एवढाच खात्रीचा मार्ग उरतो.